बासरी थांबेपर्यंत

माझे वडील माणसं मोजतात. चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. दर थांब्यावर किती चढले, किती उतरले, किती उभे, किती बसलेले, हे डोक्यात ठेवायचं काम. निवृत्त झाल्यावर बस सुटली, मोजणं काही सुटलं नाही. दवाखान्यात गेले तर बाकावरची मोजतात, बँकेत गेले तर रांगेतली. आई गेली त्या दिवशी सगळं आटोपून आम्ही घरी आलो, हातपाय धुतले, आणि बाबा खुर्चीत बसून म्हणाले, ‘एकशे बारा आले होते.’ मला तेव्हा त्यांचा असा राग आला होता की सांगता सोय नाही. आज वाटतं, त्यांना दुसरं काही बोलता येत नव्हतं, म्हणून ते बोलले.

मी डीजे आहे. डीजे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रंगवलेले केस आणि हवेत फिरवलेला हात येतो. मला टक्कल आहे, वय बेचाळीस, आणि दोन्ही हात कामात असतात. ‘तुमचं काय, बटण दाबलं की झालं,’ असं म्हणणारा एक तरी शहाणा प्रत्येक कार्यक्रमात भेटतोच. अरे बाबा, बटण दाबून होत असतं तर तुझ्या मेव्हण्यानंच केलं नसतं का?

शनिवारी दोन तासांचा कार्यक्रम असला तर मी मंगळवारपासून हेडफोन लावून बसतो. आधी प्रत्येक गाण्याचे मिनिटाला ठोके किती ते बघायचं. मशीन सांगतं, पण जुन्या गाण्यांच्या बाबतीत ते बिनधास्त खोटं बोलतं, म्हणून पायानं ठेका धरून स्वतः तपासायचं. मग खुणा करायच्या. गाणाऱ्याचा आवाज कुठे सुरू होतो, नुसतं वाद्य कुठे उरतं, कुठून आत शिरता येईल तिथे हिरवी खूण, कुठून बाहेर पडायचं तिथे लाल. सूर जुळतात का बघायचं, नाहीतर दोन गाणी एकमेकांत मिसळताना दोन शेजारणी एकाच नळावर भांडतायत असं वाटतं. आणि कार्यक्रमात एक कान हॉलमध्ये, एक हेडफोनमध्ये. लोक ऐकतात ते गाणं वेगळं, माझ्या कानात वाजतं ते पुढचं. दोघांचे ठोके एकावर एक बसले की बत्तीस मोजायचे, एकाचा बेस उतरवत दुसऱ्याचा चढवायचा, आणि गाणं बदललं कधी ते नाचणाऱ्याला कळता कामा नये. कळलं तर आपली मजुरी फुकट गेली.

यादीत प्रत्येक गाण्यापुढे एक रकाना असतो. त्यात मी माझ्यापुरतं लिहून ठेवतो. ‘काकू लोकांना उठवणारं.’ ‘साहेब नाचले की लगेच बदल.’ ‘जेवण उशिरा असेल तर.’ सगळेच डीजे लिहितात असं काहीतरी. ते कुणी वाचायचं नसतं.

आई गेल्यावर बाबा घरात नुसते बसून राहायचे. खिडकीतून दिसतील तेवढ्या गाड्या मोजायचे. बायको म्हणाली, ‘अहो, घेऊन जा की त्यांना बरोबर, तेवढंच मन रमेल.’ मीच म्हटलं, चला बाबा. मग काय, दर कार्यक्रमाला इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बाबा. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले. केबलची अशी सुबक वेटोळी करायचे की माझ्यासारख्या धांदरटाला लाज वाटावी.

पण कार्यक्रम सुरू झाला की माझी पंचाईत व्हायची. दर गाण्याला बाबा गर्दीतून वाट काढत टेबलाशी यायचे आणि कानाशी ओरडायचे, ‘अडतीस उभे, चोवीस बसलेले!’ मग टेबलावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचे, टक टक. बसमध्ये दोन वेळा घंटी मारली की ड्रायव्हर गाडी सोडतो ना, तसं. म्हणजे चल, पुढचं लाव. तेवढ्यावर थांबले असते तरी मी चालवून घेतलं असतं. पण नाचणारी माणसं दाराशी दाटली की हे भले गृहस्थ मध्ये उभे राहून हात हलवत म्हणायचे, ‘पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!’ पोरीबाळी तोंडावर हात ठेवून हसायच्या. जो भेटेल त्याला सांगायचे, तो टेबलामागचा आहे ना, तो माझा मुलगा, गणितात तीनदा नापास झाला, पण बत्तीसपर्यंत बरोबर मोजतो.

एका वाढदिवसाच्या कार्यक्रमात यजमानीण बाई मला म्हणाल्या, ‘हे काका तुमच्याकडे कामाला आहेत का?’ मी म्हणालो, ‘हो, सामानाचं बघतात.’ बाबा तीन पावलांवर केबल गुंडाळत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी मान वर केली नाही. आजही तो प्रसंग आठवला की आंघोळ करता करता मी मध्येच थांबतो, आणि बायको बाहेरून विचारते, पाणी गेलं का?

त्याच वाढदिवसाला एक गोष्ट घडली. जेवणं चालू होती, म्हणून मी एक जुनं संथ गाणं लावलं. आईचं गाणं. म्हणजे तिनं गायलेलं नाही, ती शिलाई मशीन चालवताना गुणगुणायची ते. गाणं सुरू झालं तसे बाबा उठले आणि काही न बोलता बाहेर गेले. पायरीवर जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. मधल्या बासरीनंतर शेवटचं कडवं होतं, ते संपलं, मी दुसरं लावलं, तेव्हाच नाक पुसत आत आले. चार मिनिटं. आणि तुम्हाला खरं सांगतो, माझ्या मनात आईची आठवण आली नाही. माझ्या मनात आलं, किती शांत गेली ही चार मिनिटं.

पुढच्या कार्यक्रमाला मी ते मुद्दाम लावलं. बाबा बाहेर. त्याच्या पुढच्याला लावलं. बाबा बाहेर. माझ्या हातात जणू दाराची कडीच आली.

मग माझ्यातला कारागीर जागा झाला. मेल्याला नेमकी तीच वेळ सापडली. आईचं गाणं मिनिटाला बासष्ट ठोक्यांचं. दुप्पट केले की एकशे चोवीस. लोक सगळ्यात जास्त नाचतात त्या गाण्यांचे ठोके नेमके एवढेच. म्हणजे तिच्या संथ सुराखाली मी खुशाल नाचायचा ढोलताशा दौडवू शकत होतो, दोन्ही एकमेकांच्या पायात येणार नव्हते. तीन दुपारी बसलो. मधल्या बासरीचा सोळा ठोक्यांचा तुकडा कापला, तो पुन्हा पुन्हा जोडला, मध्ये एक कडवं येऊ दिलं, परत बासरी. खाली हळूहळू ठेका चढवला. चार मिनिटांचं गाणं अकरा मिनिटांचं झालं. आत लोक घामाघूम होऊन नाचणार, वर बासरी चालूच राहणार, आणि बासरी थांबेपर्यंत बाबा काही आत येणार नाहीत. कार्यक्रमातली सगळ्यात रंगणारी अकरा मिनिटं माझी एकट्याची. जोड इतके बेमालूम बसले होते की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. रकान्यात लिहिलं: ‘आईचं, लांब. बाबा बाहेर.’

दीड वर्ष मी ते वापरलं. तेवीस कार्यक्रम. मोजलेत मी, बापाचाच मुलगा ना.

मग तो कारखान्याचा कार्यक्रम आला. कामगार आणि त्यांच्या घरचे, शनिवारी दुपारी, कॅन्टीनच्या मोठ्या हॉलमध्ये. टेबलं भिंतीला सरकवलेली, स्टीलच्या पिंपाला टेकून उभी असलेली म्हातारी माणसं, खिडक्यांना पडद्याऐवजी काळे कागद चिकटवलेले. माझ्यामागची भिंत पांढरी होती, आणि कारखानावाल्यांना तिच्यावर सुरुवातीला वर्षभराचे फोटो दाखवायचे होते. तिथला वायरमन आला, माझ्या लॅपटॉपला केबल लावली, फोटो दाखवले, टाळ्या झाल्या. फोटो संपल्यावर ती केबल काढायला हवी होती. मी काढली नाही. वायरमन जेवायला गेला आणि मी पहिल्या गाण्याचा बेस लावण्यात गुंगलो. डीजेचं तोंड कायम माणसांकडे. मागच्या भिंतीवर काय चाललंय, हे त्याला पाठीला डोळे असल्याशिवाय दिसत नाही.

सुरुवातीपासून लोक खूश. हसतायत, एकमेकांना कोपरानं ढोसतायत, बोटं दाखवतायत. मला चेव आला. म्हटलं, आज हात चांगला लागलाय. एका गाण्याला तर कारखान्याचे मोठे साहेब दोन पावलं नाचले, मी लगेच गाणं बदललं, आणि अख्खा हॉल खदाखदा हसला. मीही हसलो. गाढवासारखा.

साडेतीन झाले. आता रंगायची वेळ. मी दुसऱ्या बाजूला आईचं लांब गाणं चढवलं, हेडफोनमध्ये ठोके जुळवले, आणि बाबा टेबलाशी आले.

‘एकसष्ट उभे,’ ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, ‘पण तुझ्याकडे कुणी बघत नाहीये रे. सगळे तुझ्या मागे बघतायत.’

मी वळलो. भिंतीवर, माझ्या दुप्पट उंचीची, माझी यादी होती. सगळे रकाने. काकू लोकांना उठवणारं. साहेब नाचले की लगेच बदल. आणि चढवलेलं गाणं मशीन निळ्या पट्टीत दाखवतं, त्यामुळे सगळ्यांत ठळक निळ्या पट्टीत, एकेक अक्षर वीतभर: आईचं, लांब. बाबा बाहेर.

बाबांनी खिशातून चष्मा काढला. शर्टाच्या टोकाला पुसला, लावला. बसची पाटी वाचावी तसं डावीकडून उजवीकडे, सावकाश वाचलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. बाबा, ते तसं नाही, एवढं तरी.

आणि आता जे सांगतो ते मी बायकोलाही पुरतं सांगितलेलं नाही. माझे हात चालू होते. डोकं बंद पडलं होतं, पण कानात ठोके मोजले जात होते, एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस, आणि माझ्या डाव्या हातानं चालू गाण्याचा बेस उतरवला, उजव्यानं पुढच्या गाण्याच्या आवाजाची पट्टी, म्हणजे फेडर, वर सरकवला. वीस वर्षांची सवय. भिंतीवर ती ओळ तशीच होती, बाबा समोर उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर मी बासरी लावली.

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. टेबलावर दोनदा ठोकलं, टक टक, आणि दाराकडे निघाले. ज्या माणसांना ते दीड तास पुढे सरका म्हणत होते, ती आपोआप बाजूला झाली. मधोमध वाट झाली आणि तिच्यातून पांढरा शर्ट गेला. कुणीतरी हळू आवाजात विचारलं, ‘हेच का ते बाबा?’ कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी केबल उपटली. भिंत पांढरी झाली. पण गाणं कापलं नाही. का नाही कापलं? एक बटण दाबायचं होतं, म्हणजे तो शहाणा म्हणतो तसं खरंच नुसतं एक बटण. मी मनाला समजावलं की गाणं मध्येच तोडलं तर हॉल थंड पडेल, टेबल सोडून जाता येत नाही, काम ते काम. सगळं खोटं. मला बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायची छाती नव्हती. अकरा मिनिटं मी त्या टेबलामागे लपलो, आणि माझी मेलेली आई वर गुणगुणत असल्यासारखी ती बासरी फिरत राहिली. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, मला कॅन्टीनच्या त्या फरशीत मावायचं होतं.

बासरी थांबली तसे बाबा आत आले, नेहमीसारखे. केबलच्या पिशवीशेजारी खुर्ची घेऊन बसले. पण त्यानंतर टेबलाशी आले नाहीत. शेवटची पंचेचाळीस मिनिटं हॉलमध्ये किती माणसं होती, हे कुणीच मोजलं नाही.

सामान आवरून टेम्पोत भरलं. घरी पोहोचलो तेव्हा जेमतेम सात वाजले होते. बायकोनं विचारलं, कसा झाला? बाबा म्हणाले, ‘छान झाला. एकसष्ट होते.’ आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. मी मागोमाग गेलो. ओट्याशी उभा राहिलो, मान खाली. म्हणालो, बाबा, चुकलो. पुढचं काही जमेना. माणूस बेचाळीस वर्षांचा होतो आणि बापापुढे त्याला एक वाक्य पुरं करता येत नाही.

बाबांनी पेला विसळून पालथा घातला.

‘लांबवलेलं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,’ ते म्हणाले. ‘ती बासरी त्यात एकदाच आहे. तुझी आई तेवढ्या वेळात सुईत दोरा ओवायची. पुन्हा वाजली तेव्हा मी चमकलो. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा ओळखलं.’



‘मला वाटलं,’ बाबा म्हणाले, ‘तू माझ्यासाठी लांबवलंयस. मी बाहेर जातो हे तुझ्या लक्षात आलंय, म्हणून. तेवढाच वेळ जास्त तिच्याजवळ. मी तुला तसं कधी बोललो नाही, तुला अवघडल्यासारखं होईल म्हणून.’

राग नव्हता त्यांच्या आवाजात. असता तर मी तो घेतला असता, दोन शिव्या खाल्ल्या असत्या, पाय धरले असते, मोकळा झालो असतो. ते नुसते एक चूक दुरुस्त केल्यासारखे बोलले, मोजण्यात एखादा प्रवासी जास्त धरला होता तो कमी करावा तसं. मग म्हणाले, पाय दुखतायत, जरा पडतो. आणि आपल्या खोलीत गेले.

पुढच्या कार्यक्रमाला बाबा आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. त्याच्या पुढच्याला म्हणाले, ऊन फार आहे. मी रोज विचारतो, चला ना बाबा. ते म्हणतात, बघू. इस्त्रीचे शर्ट कपाटात तसेच टांगलेत. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते, कारण मी तिला अर्धं सांगितलं आणि उरलेलं तिनं माझ्या तोंडावरून वाचलं. ‘त्यांना न्या असं मी कशाला म्हटलं तुम्हाला,’ एवढंच एकदा म्हणाली.

मी ते लांब गाणं पुसायला बसलो होतो. मशीननं विचारलं, नक्की पुसायचं? मी ‘नाही’ दाबलं. पुसणार कोण मी? दीड वर्ष ते त्यांनी आपलं मानलं होतं. शेवटी रकान्यातलं तेवढं खोडलं. तिथे दुसरं काय लिहावं हे मला अजून सुचलेलं नाही, म्हणून ती जागा रिकामीच आहे. बाकी यादीतलेही सगळे शेरे काढून टाकलेत. आता कुठल्या गाण्याला कोण उठतं, हे माणसांकडे बघूनच ठरवावं लागतं, आणि खरं म्हणजे तेच माझं काम होतं.

आता मी स्वतः मोजतो. फार अवघड आहे हो ते. एक कान हेडफोनमध्ये, दोन हात मशीनवर, आणि समोरची माणसं काही जागेवर उभी राहत नाहीत. दहावर गेलो की ठोके चुकतात, ठोके सांभाळले की माणसं चुकतात. बाबा हे चालत्या बसमध्ये, दांड्याला लटकून, चौतीस वर्षं करत होते, आणि वर प्रत्येकाला पुढे सरकवत होते.

परवा एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सदतीस मोजले. दोनदा मोजले, दोन्ही वेळा सदतीस आले. घरी आलो, बूटसुद्धा न काढता बाबांच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, ‘बाबा, सदतीस उभे होते.’

बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी वळून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं.

‘आणि बसलेले?’ त्यांनी विचारलं.

बसलेले मी मोजले नव्हते.